विनीबाईचा घोट

फार वर्षं झाली या गोष्टीला. नेमकी किती, ते विचारू नका. मरिगूलच्या दोन म्हाताऱ्यांचं त्यावर कधी एकमत झालेलं नाही. ऑस्ट्रेलियातल्या गव्हाच्या माळावरचं हे शेवटचं गाव. जंक्शनहून रेल्वेचा एक फाटा इथवर यायचा आणि संपायचा. त्या साली असा दुष्काळ पडला, की गावाला प्यायचं पाणीसुद्धा गाडीनेच येऊ लागलं.

फाट्याचा नियम सोपा होता. एकच लाकडी काठी. ती ज्या ड्रायव्हरच्या हातात, त्यानेच रुळावर गाडी घालायची. मरिगूलला ती काठी सांभाळायची विनिफ्रेड टॉली. आपण तिला विनीबाई म्हणू.

एका सकाळी रिकामी पाणीगाडी परत निघाली आणि नेमकं धुळीचं वादळ आलं. डोळे उघडता येईनात. विनीबाई कणीक लाटता लाटता उठून धावली, आणि खुंटीवरची काठी द्यायची सोडून तिने ड्रायव्हरला हातातलं लाटणंच दिलं. त्यानेही न बघता घेतलं. गाडी गेल्यावर बाईला खुंटीवर काठी दिसली. निरोप धाडावा, तर वादळात तारायंत्राच्या तारा तुटलेल्या. गावाच्या टाकीत एका दिवसाचं पाणी. आणि जंक्शनचे पर्डी मास्तर काही लाटण्यावर भरलेली गाडी परत सोडणारे नव्हेत.

बाई काठी घेऊन निघाली, तेव्हा दुकानदार गिलने अडवलं. "विनी, या धुळीत घोडासुद्धा चालायचा नाही."

"घोड्याने लाटणं दिलं नाही, गिल. मी दिलंय."

पायाने रूळ चाचपत ती चालली. अर्ध्या वाटेत ठेचकाळली, गडगडत खाली गेली, आणि चाचपडत पुन्हा रुळाशी आली तेव्हा गाव कुठल्या बाजूला नि जंक्शन कुठल्या, काही कळेना. असं म्हणतात, की ती तिथे बसून रडली. असंही म्हणतात, की तिने रुळालाच शिव्या घातल्या. मला दोन्ही पटतं. बाटलीत एकच घोट उरला होता. फाटा जंक्शनकडे उतरता, एवढं तिला ठाऊक होतं. तिने झग्याचा आडोसा केला आणि तो घोट रुळावर ओतला. पाणी थोडं थांबलं, मग रुळावरून एका दिशेला ओघळलं. कुणी म्हणतं, ते तिच्यापुढे मैलभर ओघळत राहिलं. ती त्याच्या मागे गेली.

पर्डी मास्तरांनी काठी घेतली, लाटणं परत केलं, भरलेली गाडी सुटली. गार्ड शपथेवर सांगायचा, बाईला मी हात देऊन डब्यात चढवलं. मरिगूलचे लोकही शपथेवर सांगायचे, पाणी उतरलं, बाई उतरली नाही. मधे गाडी कुठे थांबली नव्हती. मग बाई गेली कुठे? आजवर कुणाला उलगडलेलं नाही, आणि मलाही नाही.

आता तिथले रूळ उखडून नेलेत. पण मरिगूलमध्ये कुणी अनोळखी माणूस चालत आला, तर आधी त्याच्या हातात पाणी देतात, तो पिईपर्यंत थांबतात, आणि मगच नाव विचारतात. न जाणो, विनीबाईच असली तर? तेव्हापासून तहानलेलीच असेल बिचारी.