कनवटीची गोळी

एका गावात एक पाथरवट होता. जातं घ्यावं तर त्याच्याच हातचं, असं पंचक्रोशीत म्हणत. एकदा दगड उचलताना त्याची पाठ धरली. वैद्यबुवांनी अफूच्या सात काळ्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, "रोज झोपताना एक. सात दिवस. आठवी मागायला येऊ नकोस."

सात दिवसांत पाठ मोकळी झाली. पण गोळी घेतल्यावर सगळ्या काळज्या पळून जात, ते सुख काही त्याला विसरवेना. आठव्या दिवशी तो वैद्यबुवांच्या दारात वाकून उभा राहिला.

"अजून दुखतंय, बुवा."

वैद्यबुवांनी पाठ दाबून पाहिली. "पाठ बरी आहे तुझी. आता मागतंय ते तुझं मन. घरी जा."

त्या गावात एक रीत होती. औषध मागायला आलेल्याला रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही. घरोघरी फडताळात अडीनडीला दोन-चार गोळ्या जपून ठेवलेल्या असत. पाथरवट कण्हत कण्हत एकेका दारी जाऊ लागला. लोक हळहळत आणि देत. काल कुणाकडून नेलीस, असं कुणी विचारलं नाही. एवढी भली माणसं, पण आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, अशी गत.

एका गोळीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. आता गोळी मिळाली नाही की खरंच दुखे. पाठ, गुडघे, दातसुद्धा. हात थरथरू लागले. बायकोने विचारलं तर म्हणे, "हवा बाधलीय." कनवटीला मात्र एक गोळी कायम खोचलेली असे.

एके सकाळी तो जात्याचा वरचा दगड उचलत होता. आठ वर्षांची लेक शेजारी बसून कपच्या गोळा करत होती. त्याचा हात थरथरला, दगड निसटला आणि पोरीच्या मनगटावर पडला.

वैद्यबुवा धावत आले. "हाड आत्ताच बसवायला हवं. गोळीशिवाय पोरीला सोसवायचं नाही, आणि माझ्याकडच्या संपल्यात. कुणाकडे असेल तर आणा!" त्यांनी एका गड्याला शेजारच्या गावी पिटाळलं.

बायको दारोदार पळाली.

"अगं, होती ती परवाच तुझ्या नवऱ्याने नेली."

पुढच्या दारी तेच. त्याच्या पुढच्या दारी म्हातारी म्हणाली, "माझ्या गुडघ्यासाठी ठेवलेल्यासुद्धा त्यालाच दिल्या गं."

इकडे पाथरवट लेकीजवळ बसला होता. ती "बाबा, बाबा" करत होती. त्याचा हात कनवटीवर गेला. पण या धावपळीत त्याची सकाळची गोळी राहिली होती आणि अंगाला दरदरून घाम फुटला होता. 'तिची आई आणतेच आहे,' असं मनाशी म्हणत तो उठला, घरामागे गेला आणि गोळी गिळली.

बायको रिकाम्या हाताने परतली. मग शेजारच्या चौघींनी पोरीला धरलं आणि वैद्यबुवांनी हाड तसंच बसवलं. तिची किंकाळी नदीपर्यंत ऐकू गेली. पण ती ऐकूनही बाप धावून आला नाही. तो घरामागे भिंतीला टेकून गाढ झोपला होता. बायकोने त्याची सुटलेली कनवट पाहिली, बोटांना लागलेला काळा डाग पाहिला आणि तिला सगळं समजलं.

दुपारी गडी दोन गोळ्या घेऊन आला. बायकोने त्या पदराच्या गाठीत बांधल्या.

तिन्हीसांजेला पाथरवट जागा झाला. "पोर कशी आहे?"

"झोपलीय. ओरडून ओरडून."

त्याने सुटलेली कनवट चाचपली. मग हळूच म्हणाला, "तिच्यासाठी गोळ्या आल्या असतील ना? कुठे ठेवल्यास?"

तात्पर्य: वैद्याने नेमून दिलेल्या दिवसांपुढची गोळी हे औषध नव्हे. ती आधी माणसाला खोटं बोलायला शिकवते आणि शेवटी पोटच्या पोरीच्या वाटचंही मागायला लावते.