पानाखालचा नंबर

"पण माझं पान का काढलं, तेवढं सांगा."

श्रीधरने हे तिसऱ्यांदा विचारलं. धुंडाबुवा मांडीवर अंबाडीचा दोर वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

धरणाचं पाणी चढलं तेव्हा खालचं गाव उठलं, टेकडीवरचा मठ तेवढा राहिला. आता चारी बाजूंनी पाणी आणि यायला एकच बोट. कॉलेजातली प्रोफेसरकी सोडून श्रीधर पाठारे सात वर्षांपूर्वी त्याच बोटीतून आला आणि बुवांचा चेला झाला.

माणूस हुशार. तेच त्याचं दुखणं.

मठाची वेबसाइट निघाली तेव्हा तिच्यावरचं पान त्यानेच लिहिलं. दोन वर्षं ते होतं. आठ दिवसांपूर्वी बुवांनी ते उतरवलं आणि भिकाचं चढवलं.

भिकाचं! तीस वर्षं एसटी स्टँडावर भोंग्यातून गाड्या पुकारणारा भिका. सातवी नापास, आता मठाची वांगी बघणारा.

"बुवा, मी काहीतरी विचारतोय."

"ऐकतोय."

"माझ्या पानात काय वाईट होतं?"

"सुरुवात म्हण बरं."

श्रीधर ताठ बसला. त्याला सगळं पाठ होतं. "अनादी काळापासून ज्या पुण्यभूमीच्या कणाकणातून चैतन्याचे निर्झर अखंड वाहत आहेत, त्या..."

"छान आहे," बुवा म्हणाले. "आता भिकाचं म्हण."

तेही त्याला पाठ होतं. आठ दिवस रोज दहा वेळा उघडून बघितलं होतं, पाठ न होऊन जातंय कुठे? पण म्हणताना तोंड कडू झालं.

"बोट सकाळी नऊ आणि दुपारी तीन. बुधवारी बोट नाही. बोट हिवऱ्याच्या शाळेमागून सुटते. चढायला दोनशे दहा पायऱ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर काठी आणा. जेवण मिळतं. कुत्रा भुंकतो, चावत नाही." श्रीधरने कपाळावर हात मारला. "कुत्रा, बुवा! मठाच्या पानावर कुत्रा!"

"खरंच चावत नाही तो."

"गुरुपरंपरेचा एक शब्द नाही. तुमचं नाव नाही!"

"मी कुठे बोट चालवतो?"

दोर पीळ खात राहिला...

त्या मठाची एक रीत आहे, बुवांच्या गुरूंपासूनची. ज्याने मठाची पाटी लिहिली त्याने पाटीखाली बसायचं. कुणाला अडलं तर लिहिणारा समोर असावा. पाटी जाऊन वेबसाइट आली तरी बुवांनी रीत मोडली नाही. पानाखाली लिहिणाऱ्याचा फोन नंबर घातला.

श्रीधरला त्या नंबराचा फार अभिमान.

"दिवसाला चाळीस फोन यायचे मला," तो म्हणाला. "चाळीस! नागपूरहून, बेळगावहून. हातातला घास हातात राहायचा. लोक वाचत होते म्हणून तर करत होते ना? आणि भिकाचा फोन... आठ दिवसांत दोनदा वाजला. त्यातला एक त्याच्या बहिणीचा."

"मोजलेस वाटतं."

"कानावर पडलं."

कानावर कसलं पडतंय! आठ दिवस हा वांग्यांच्या वाफ्यापाशी उगाच येरझारा घालत होता. भिकाचा फोन वाजला की हा कान टवकारायचा. नाही वाजला की जरा गार वाटायचं. पण तेही फार वेळ नाही, कारण भिका मजेत होता. फोन फांदीला अडकवून शीळ घालत माती उकरत होता. माणसाचं पान कुणी विचारत नाही आणि हा शीळ घालतो? आणि काल बुवांनी जाता जाता त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सात वर्षांत श्रीधरच्या खांद्यावर एकदाही...

"आज बोटीतून किती जण आले?" बुवांनी विचारलं.

"छत्तीस."

"माझ्या आठवणीत पंधरा-वीस यायचे."

"ती माझ्या दोन वर्षांची पेरणी आहे! कापणी भिकाच्या नावावर लागतेय."

बुवा हसले. म्हातारा हसला की त्याचे उरलेले तीन दात दिसायचे.

"हसू नका, बुवा. माझी पिशवी भरून ओट्यावर ठेवली आहे. माझं पान परत चढवा, नाहीतर तीनच्या बोटीने मी चाललो."

हे मात्र त्याने खरं सांगितलं होतं. पिशवी भरलेली होती. घर विकून आलेला माणूस, जाणार कुठे ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

बुवांनी दोर खाली ठेवला.

"बरं. चढवू तुझं पान."

श्रीधरचा चेहरा उजळला.

"पान तुझं. खाली नंबर भिकाचा."

"म्हणजे... फोन त्याला जाणार?"

"चाळीसच्या चाळीस."

"लिहायचं मी, आणि लोकांनी बोलायचं त्याच्याशी?" श्रीधरचा आवाज चिरकला. "नाही! हे नाही व्हायचं."

"मग असं करू. पान त्याचं राहू दे, नंबर तुझा घालू."

श्रीधरने मान झटकली. त्या पानावरून फोन करतो कोण?

"भिका!" बुवांनी हाक मारली.

भिका आला. कोपरापर्यंत माती.

"काय रे, श्रीधरचं पान लावतो आणि खाली तुझा नंबर घालतो. चालेल?"

भिकाने मातीच्या हातांनीच कान पकडले. "बुवा, काय चुकलं असेल तर दोन थोबाडीत द्या. पण ही शिक्षा नको. वांगी मरतील माझी."

"बघा, कसा बोलतो!" श्रीधर उसळला. "लोकांच्या प्रेमाला हा शिक्षा म्हणतो! अरे, एका बाईने मला एका दिवसात सहा फोन केले होते. सहा! अशी ओढ लागते माझ्या लिहिण्याने."

"कोण बाई?" बुवांनी विचारलं.

"नाव नाही विचारलं. गेल्या चैत्रात. पलीकडच्या धक्क्यापाशी उभी राहून बोलत होती."

"काय म्हणाली?"

"बोट कधी येते म्हणाली."

"आणि तू?"

"मी तिला मठाचा महिमा सांगितला. चांगला अर्धा तास. पुढच्या वेळी म्हटलं, बाई, पान नीट वाचा, सगळं लिहिलंय त्यात. लिहिलंही होतं! पंधराव्या परिच्छेदात, शेवटून दुसरी ओळ..."

"वार कोणता होता?"

श्रीधर आठवत राहिला.

"बुधवार," भिका हळूच म्हणाला. बुधवारी बोट आठवड्याच्या बाजाराची माणसं वाहते, मठाकडे फिरकत नाही. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत.

बुवा पाण्याकडे बघत होते. पलीकडचा काठ उन्हात पांढरा दिसत होता. शाळा, धक्का, एक बाभूळ.

"त्या बुधवारी मी इथेच बसलो होतो," ते म्हणाले. "पलीकडे बाभळीखाली दोघी होत्या. एक म्हातारी, एक तरणी. दोघी पदर हलवत होत्या. सकाळपासून... मला वाटलं, केवढी भक्ती! लांबूनच नमस्कार करताहेत. मग मीही इथून हात जोडले. त्यांनी पदर हलवला की मी हात जोडायचो. दिवस कलेपर्यंत."

बुवांनी खाली ठेवलेला दोर उचलला.

"मला काय ठाऊक, बोलावताहेत म्हणून."

"तुम्हाला कसं कळलं?" श्रीधरने विचारलं. आवाज खाली गेला होता.

"त्यातली तरणी, म्हातारीची मुलगी, आली आज सकाळच्या बोटीने. त्या छत्तिसांत होती. भिकाच्या पानावर वेळ बघून आली." बुवा थांबले. "म्हातारीला एकदा मला भेटायचं होतं. मी म्हटलं, आणायचं होतंस की आईला. तर ती म्हणाली, बुवा, आता आई नाही..."

भिका मातीचे हात धोतराला पुसत राहिला. ते केव्हाच कोरडे झाले होते.

श्रीधर पायऱ्यांकडे बघत होता. तीनची बोट निघाली असावी, इंजिनाची फटफट पाण्यावरून येत होती. पिशवी ओट्यावर तशीच होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, पण उठला नाही.

"बुवा... मी तर चांगलंच लिहिलं होतं."

"मीही चांगलाच नमस्कार केला होता."

एवढ्यात श्रीधरच्या खिशातला फोन वाजला. आठ दिवसांत पहिल्यांदा. कुणीतरी जुना नंबर लिहून ठेवला असणार.

सवय वाईट. एवढं ऐकूनही त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर तेज आलंच. त्याने आधी भिकाकडे बघितलं, त्याने ऐकलं की नाही ते. मग फोन हातात घेऊन बुवांकडे बघितलं.

फोन वाजत होता...

"उचल," बुवा म्हणाले. "आणि आधी माफी माग."