साळूची कादंबरी कोणत्या कप्प्यात?

बाळांनो, सागाच्या एका दाट जंगलात एक साळू राहत असे. पाठीवरून गळलेला काटा काजळात बुडवायचा आणि ताडाच्या पानांवर लिहीत बसायचे, हाच तिचा छंद. तीन वर्षे खपून तिने एक कादंबरी पुरी केली. दुष्काळात आपल्या कळपाला पाण्यापर्यंत नेणाऱ्या एका म्हाताऱ्या हत्तिणीची ती गोष्ट होती. जंगलातली पुस्तके वडाच्या ढोलीत ठेवली जात आणि त्यांची राखण एक वयोवृद्ध धनेश पक्षी करीत असे. ढोलीत कप्पे होते : शिकारकथा, प्रेमकथा, विनोदी कथा. ज्या पुस्तकावर प्रकार लिहिलेला नसेल, त्याला ढोलीत जागा नाही, असा नियम होता. आणि बाहेर राहिलेले पुस्तक वाळवीच्या तोंडी जाणार, हे ठरलेलेच!

साळूला काही प्रकार सुचेना. तिने शेजाऱ्यांना विचारले. उतावळ्या माकडाने मधलीच चार पाने चाळली आणि ते पोट धरून हसू लागले. "अगं, ही तर विनोदी!" लांडोरीने हत्तिणीच्या तरुणपणाचे प्रकरण वाचून डोळे पुसले. "प्रेमकथाच लिही हो, साळूताई." धूर्त कोल्हा मात्र वाघाच्या हल्ल्याची पाने वाचून हळूच म्हणाला, "शिकारकथेचा कप्पा कधी भरलेला राहत नाही. सगळे तेच मागतात. ते हसणे-रडणे काढून टाक. मग बघ, जंगलभर तुझेच नाव!"

साळू मोहात पडली. एकेक पान उपसताना तिचा जीव तुटत होता, तरी तिने अर्धी कादंबरी बाजूला काढली, उरलेल्या पानांवर 'शिकारकथा' असे लिहिले आणि ती धनेशाकडे नेली. धनेशाने शेवटपर्यंत वाचले. मग तो म्हणाला, "पोरी, इथे हत्तीण मरते, पण मला काहीच कसे वाटले नाही? मरायला ती आधी जगली कुठे?" साळूची मान खाली गेली. "आजोबा, तिचे जगणे मी घरी काढून ठेवले आहे," ती पुटपुटली. "मग आण जा. आणि सगळी गोष्ट सगळ्यांना वाचून दाखव."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणवठ्यावर साळू वाचू लागली. थोडेथोडके नव्हे, सारे जंगल ऐकायला जमले होते. पिल्लाच्या खोड्यांवर सगळे खदखदून हसले. वाघ आला तेव्हा हरणे एकमेकांना बिलगली. आणि हत्तीण नदीकाठी पोहोचली, कळपाला पुढे करून स्वतः मात्र काठावरच बसली, तेव्हा झाडावरचे पानसुद्धा हलेना. हरणे पाणी प्यायची विसरली. त्यांच्या पाठीमागे बिबट्या उभा होता, पण कोणी पळाले नाही आणि तोही जागचा हलला नाही. हे आपल्या काट्याने लिहिले, यावर साळूचाच विश्वास बसेना. तिच्या अंगावरचा काटा न् काटा उभा राहिला.

वाचून झाल्यावर धनेशाने विचारले, "आता सांगा, प्रकार कोणता?" "मी तर चारच पाने चाळली होती," माकड म्हणाले. "आणि मी एकच प्रकरण," लांडोर म्हणाली. कोल्हा खाली बघत म्हणाला, "मी पाच पाने वाचून सल्ला दिला. चुकलोच."

तेव्हा धनेश म्हणाला, "वाघ वाटेत भेटला, प्रेम वाटेत जडले, हसूही वाटेतच फुटले. पण वाट कोणी सोडली नाही. ही त्या वाटेची गोष्ट." त्याने पहिल्या पानावर 'प्रवासकथा' असे लिहिले आणि चोचीने ढोलीत एक नवा कप्पा कोरायला घेतला.

तात्पर्य : पुरते जाणून घेतल्यावाचून कशालाही नाव देऊ नये, आणि नावात बसावे म्हणून आपल्या कामाची काटछाट तर मुळीच करू नये.