विणकराचा तांब्या

ही गोष्ट देवाशपथ खरी आहे, सांगणाऱ्यानं डोळ्यांनी पाहिलेली. आता ती घडून दोनशे वर्षं झाली आणि सांगणाऱ्याला यंदा पन्नासावं लागलंय. पण एवढ्यातेवढ्यावरून कुणी गोष्ट अडवू नये.

तर एका गावात एक विणकर होता. बायको कधीच वारलेली, घरात एकुलती लेक. लेकीचं लग्न ठरलं आणि तिच्यासाठी त्यानं स्वतःच्या हातानं शालू विणायला घेतला.

विणकरांच्या घरात एक जुना दंडक होता. मागावर बसलेल्यानं पाण्याला शिवायचं नाही. रेशमावर थेंब पडला तर डाग पडतो, आणि पाणी प्यायलं की उठावं लागतं. विणकर सकाळी घोटभर पाणी पिऊन बसे, तो दिवेलागणीलाच उठे. दुपारी मागाशेजारीच भाकरी, खारट लोणचं आणि दोन पापड.

एक दिवस कमरेतून अशी कळ आली, की तो गडाबडा लोळला. वैद्यबुवा म्हणाले, "मुतखडा आहे. बारीक आहे, पडून जाईल. पण यापुढं पाणी पीत जा बाबा! लघवी पाण्यासारखी फिकी दिसायला हवी, आणि ती दाबून ठेवायची नाही. लोणचं-पापड कमी कर. लिंबू पीळ पाण्यात. अधूनमधून उठून चार पावलं चाल."

"लग्न होऊ द्या बुवा, मग पितो अख्खी विहीर!"

"खडा मुहूर्त बघत नाही रे."

खडा पडला. कळ थांबली, तसा विणकर पुन्हा मागावर बसला.

लेक रोज भरलेला तांब्या खिडकीत ठेवी. ती पाठमोरी झाली, की विणकर तो खिडकीबाहेर ओती. खाली भोपळ्याची वेल होती. ती अशी माजली, की छप्पर ओलांडून शेजाऱ्याच्या घरात गेली आणि त्याच्या चुलीवरचं झाकण उचलून बघू लागली.

"बाबा, वेल एवढी कशी हो फोफावली?"

"आपली जमीनच लबाड आहे, पोरी."

लेक खिडकीतून खाली वाकली. मातीला हात लावून बघितला, ती ओलीचिंब होती.

"बाबा, मला शालू नको. साधं लुगडं नेसून जाईन मी. पण तुम्ही पाणी प्या."

"वीतभर पदर राहिलाय गं. तेवढा होऊ दे."

लग्नाला तीन दिवस उरले आणि दुसरा खडा अडकला. लघवी बंद झाली, अंगात हुडहुडी भरली. शेजाऱ्यांनी बाजेवर घालून त्याला नदीपलीकडं वैद्यबुवांकडं नेलं. "आता माझ्या हातात फार नाही," बुवा हळूच म्हणाले.

मुहूर्त टळला नाही. विणकरानंच निरोप धाडला होता, "लग्न थांबवू नका." लेक साध्या लुगड्यात बोहल्यावर उभी राहिली. सासरी निघालेलं वऱ्हाड वैद्यबुवांच्या दारात थांबलं. तिनं बापाचं डोकं मांडीवर घेतलं, ओंजळीनं पाणी पाजलं. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले.

आता खरं सांगायचं, तर हा शेवट पदरचा आहे. वऱ्हाडाची वाट त्या बाजूनं जातच नव्हती. विणकर दाराकडं बघत राहिला, आणि दारात कुणी आलं नाही.

तात्पर्य एवढंच: माणसांसाठी राबताना आधी तहान भागवावी, माणसांना शालूआधी माणूस हवा असतो.