चैत्रवारा आणि राणीचा दिवा

एका राज्यात, जिथे डोंगर आधी आले आणि राजे मागाहून, तिथे कड्याच्या माथ्यावर एक नगर होते. चैत्र लागला की तिथे पहाटे धुके उंबऱ्याशी येई, दुपारी कातळ तापे, आणि दिवस कलता पश्चिमेच्या खिंडीतून गार वारा चढून येई, करवंदीच्या फुलांचा वास घेऊन. त्या वाऱ्याला नगर पाहुणा मानी. वर्षाच्या पहिल्या वाऱ्याला राजाने स्वतः खिंडीतून घेऊन यावे आणि घरोघरी पश्चिमेची खिडकी उघडी ठेवावी, असा तिथला रिवाज होता.

राजा रणधवल वाऱ्याला आणायला निघाला, तेव्हा लग्नाला जेमतेम महिना झाला होता. राणी चंद्रावळ सखल मुलखातली. तिच्या माहेरी माणूस वाटेला लागला, की तो परतेपर्यंत दिवा विझू द्यायचा नाही. तिने दिवा लावला. सांजेला पहिली झुळूक आली, ज्योत फडफडली, आणि राणीने घाईघाईने खिडकीला कडी घातली. घातली ती राजासाठीच, बरे का. पण हे वाऱ्याला कोण सांगणार?

"ज्या घराने मला खिडकी लावली, त्या घराचा धनी माझ्यासंगे," असे म्हणून वारा माघारी फिरला आणि राजाला घेऊन गेला. त्या दिवसापासून नगरात सूर्य मावळे, पण उकाडा मावळेना. करवंदे हिरवीच राहिली. पानही हलेना.

अशी सात वर्षे गेली. राणीने दिवा विझू दिला नाही आणि खिडकी उघडली नाही. नगरातल्या बायका घामाने निथळत येत आणि दिव्याशी तेल ठेवून जात. राजा पूर्वी डोंगर चढताना शीळ घाली, एक लांब सूर आणि मागून तीन आखूड. राणी रोज सांजेला त्या शिळेसाठी कान देऊन बसे. तिला राजाची इतकी आठवण येई, की त्याच्या जोड्यांवरची धूळसुद्धा आठवे.

एका पहाटे कठड्यावर कस्तूर पक्षी बसला. त्याने शीळ घातली, एक लांब सूर, आणि थांबला.

"ही शीळ कुणाची?" राणीने विचारले.

"माझी नव्हे, राणीसाहेब," पक्षी म्हणाला. "खिंडीत एक पुरुष सात वर्षे चालतो आहे. त्याची वाट सरत नाही. तो एवढीच शीळ घालतो आणि गप्प होतो. मी तेवढीच शिकलो."

"मला तिथे ने."

दिवा म्हाताऱ्या दासीच्या स्वाधीन करून राणी पक्ष्यामागे निघाली. खिंडीच्या तोंडाशी मांत्रिक औदुंबरनाथ बसला होता. शेजारी मोठा रांजण, आणि रांजणात वारा धुसफुसत होता.

"बाबा, वाऱ्याला सोडा."

"मी त्याला धरलेले नाही. तो रुसलेला पाहुणा आहे, माझ्याकडे मुक्कामाला आला आहे. त्याचा रुसवा निघेपर्यंत राजाची वाट सरायची नाही. त्याचा मान कर. आधी पायावर पाणी, पण विहिरीचे नको, धुक्याचे."

राणी कड्यावर पदर पसरून उभी राहिली. धुके विरेपर्यंत पदर चिंब झाला. तो पिळला तेव्हा ओंजळभर पाणी निघाले. ते तिने रांजणाच्या बुडाशी ओतले. आतली धुसफूस थोडी कमी झाली.

"आता सावलीची बैठक. पण झाडाची नको, तुझी."

राणी उघड्या कातळावर उभी राहिली. भरदुपारी तिची सावली पायाखाली, भाकरीएवढी. पाय हलवायचा नाही. तळवे भाजले, घशाला कोरड पडली. सूर्य हळूहळू कलला, सावली बोटाबोटाने लांबली आणि रांजणाला टेकली. रांजण शांत झाला.

"आणि तिसरे?"

"तिसरे घरी. जे जपायला खिडकी लावलीस, ते वाऱ्याला दे."

राणीचा चेहरा उतरला. "बाबा, दिवा विझला आणि ते आले नाहीत, तर?"

"तर तुझ्याजवळ काही उरणार नाही," नाथ म्हणाला. त्याने खोटा धीर दिला नाही.

राणी तशीच परतली. महालात तिने दासीला बाहेर पाठवले. खिडकीची कडी गंजली होती. हात कडीवर ठेवून ती कितीतरी वेळ ज्योतीकडे पाहत राहिली. सात वर्षे याच ज्योतीच्या आधाराने काढली होती. आज प्रथमच तिला वाटले, राजापेक्षा मी हिलाच जपत आले. मग तिने दिवा उचलून खिडकीतच ठेवला आणि जोर लावून कडी काढली.

थोडा वेळ काहीच झाले नाही. मग करवंदीच्या फुलांचा वास आला. ज्योत वाकली, सरळ झाली, पुन्हा वाकली.

"या, पाहुणे," राणी म्हणाली, आणि दिवा विझला.

वारा तिच्या कपाळावरून गेला, महालभर फिरला, गल्लीगल्लीत शिरला. माणसे अंगणात येऊन तोंड वर करून उभी राहिली. कुणी हसले, कुणी रडले. राणी मात्र वातीच्या धुरापाशी बसून होती. तिला रडूही येईना.

तेवढ्यात घाटाखालून एक लांब सूर आला. कस्तूरच असेल, असे तिने मनाला बजावले. तिने श्वास रोखून धरला.

मागून तीन आखूड सूर आले.

राजा दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या जोड्यांवर सात वर्षांची धूळ होती. "अंधार का, राणी?" त्याने विचारले.

"पाहुणा आला होता," ती म्हणाली, आणि तिचा बांध फुटला.

आठवडाभरात करवंदे काळी झाली. तेव्हापासून त्या नगरात पहिल्या चैत्रवाऱ्याच्या सांजेला, वारा घरातून फिरून गेल्याखेरीज दिवा कुणी लावत नाही. आणि महालाच्या पश्चिमेच्या खिडकीला कडीच नाही. जसा त्यांचा उकाडा सरला, तसा ऐकणाऱ्यांचाही सरो.