शिंगटेबाईंची पाटी

हायवेला लागून सुभद्राबाई शिंगट्यांची खानावळ होती. महिनाभर गाड्या न थांबताच पुढे जात होत्या, कारण रस्त्यावरून पाटीच दिसेना. चूल विझायची वेळ आली, तेव्हा बाईंनी पाटी वीस फुटांवर चढवायची परवानगी नगरपरिषदेकडे मागितली.

भर सभेत नगराध्यक्ष आबासाहेब ढमढेरे गरजले, "दहा फुटांचा नियम ठाऊक नाही? वाऱ्याने पाटी कोसळून कोणी मेलं तर? पुन्हा अर्ज केलात तर खानावळीला टाळं लावीन."

बाईंनी हात जोडले. "चुकलं, साहेब. पण नियम माझ्या एकटीलाच आहे का?"

आबासाहेबांनी टेबलावर हात आपटला. "हायवेवर दहा फुटांच्या वर जे काही असेल, ते कोणाचंही असो, आज संध्याकाळपर्यंत खाली आलं पाहिजे. मुख्याधिकारी, लिहून घ्या."

त्यांनी लिहून घेतलं. आबासाहेबांनी तिथंच सही ठोकली.

"मग माझा अर्ज मी मागे घेते," बाई म्हणाल्या. "पाटी आठ फुटांवर आहे, तिथेच बरी. तिच्या पुढ्यात तुमच्या वाढदिवसाचा वीस फुटी फ्लेक्स तेवढा उभा आहे. तो संध्याकाळपर्यंत उतरेलच."