गावकराचा दगड

तारवण्याच्या खाडीकाठी पिंपळाखाली एक गुळगुळीत, बसका दगड आहे. दमलेला पाहुणा त्यावर टेकायला गेला, की गावातले म्हातारे धाकूतात्या त्याला हाताला धरून बाजूला घेतात. मग आपण जमिनीवर बसतात आणि सांगू लागतात.

येसू गावकर म्हणे पूर्वी तांडेल होता. भर वाऱ्यात होडी सुखरूप आणावी तर त्यानेच. म्हणून तर गावाने त्याला गावकर, म्हणजे गावचा प्रमुख, केले. पण मानाची पगडी डोक्यावर आली आणि सुकाणू हातातून सुटले. होडी हाकणे आता त्याला कमीपणाचे वाटू लागले. तो या दगडावर बसून हुकूम सोडी.

एकदा देवीची पालखी पैलतीरी न्यायची होती. सुकाणूवर त्याचाच मुलगा होता, रवळू. ओहोटी लागलेली पाहून तो म्हणाला, "बाबा, पाणी ओढता. जरा थांबूया."

येसू दगडावरून उठलासुद्धा नाही. "मी बघतंय हयसून. पाणी शांत आसा. सोड होडी."

काठावरून पाणी सपाटच दिसते, हे येसूइतके कोणाला ठाऊक होते? पण तो विसरला होता. बापाचा शब्द मोडायचा कसा, म्हणून रवळूने होडी सोडली. मधल्या खडकावर ती फुटली. माणसे खडकावर चढेपर्यंत रवळूने सुकाणू सोडले नाही, असे सांगतात. पालखी वाचली, माणसे वाचली. रवळू तेवढा गेला.

त्याची आई भागीरथी धावत काठावर आली. ती रडली नाही. नवऱ्याला म्हणाली, "तुमी हयसून बघी होतास ना? मगे सांगा, खंय गेलो तो?"

येसूने पगडी उतरवली आणि देवीपुढे शपथ घेतली की यापुढे गावकराने हुकूम द्यायचा तो सुकाणू धरून. मरेपर्यंत पालखी त्यानेच नेली. भागीरथी दर खेपेला त्याच्या समोर बसे, पण त्याच्याशी कधी बोलली नाही.

इंग्रजीतल्या 'गव्हर्नमेंट' शब्दाचे मूळ म्हणे 'सुकाणू धरणे' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. शाळेतल्या मास्तरांनी हे सांगितले तेव्हा तात्या नुसते हसले. ग्रीकांनी तो अर्थ कसा मिळवला कोण जाणे, तारवण्याला मात्र तो फार महागात पडला.

आता खाडीवर पूल झाला आहे. तरी आजही नवा सरपंच खुर्चीत बसण्याआधी पालखीची होडी स्वतः हाकतो. दगड मोकळाच असतो. आणि होडीत त्याच्या समोर त्याच्या आईला बसवतात, पुढच्या पाण्याकडे पाठ आणि लेकाकडे तोंड करून.